एकेचाळीस तुकड्यांचं गाणं

आधीच सांगून ठेवते, मी तिची सासू आहे. सासू बोलायला लागली की लोक कान टवकारतात, आता ही सुनेच्या नावानं बोटं मोडणार म्हणून. मोडली ना, तीही मोडली, खोटं कशाला बोलू? पण ही गोष्ट मीच सांगायला हवी, कारण तिच्यातली सगळ्यात मोठी चूक माझी होती.

सून आमची दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभं राहायचं, मागतील ती पक्कड हातात द्यायची, लाळ ओढायची नळी पेशंटच्या गालात धरायची आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचं, "आ करा." दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी आणि संध्याकाळी घरी आली की हिचं स्वतःचं. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, पोरगी बडबडी आहे. भाजी चिरताना बडबड, कपडे वाळत घालताना बडबड. एकदा कान देऊन ऐकलं तर बडबडीला चक्क ठेका होता आणि एका ओळीचं शेपूट दुसरीच्या शेपटाशी बरोबर जुळत होतं.

मी म्हटलं, "काय गं, शिव्या देतेस का कुणाला?"

"आई, रॅप आहे हा."

"अगं बाई! ते तर टोपी उलटी घालणाऱ्या पोरांचं काम. तू तिशी ओलांडलीस की."

"म्हणून तर नाव अक्कलदाढ ठेवलंय," ती म्हणाली. "उशिरा येते, पण आली की अख्खा जबडा हलवते."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. सासूनं लगेच हसू नये, भाव उतरतो.

आता माझं सांगते. तीस वर्षं झाली, मी शाळांचे गणवेश शिवते. इमारतीच्या तळाला माझं शिवणघर, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहे आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तर सुनेनं जागा हेरली ती माझ्या शिवणघरात. मागच्या भिंतीला छतापर्यंत गणवेशाच्या कापडाचे तागे लावलेले असतात ना, त्यांच्या मधोमध उभं राहिलं की आवाज घुमत नाही, कापड तो गिळून टाकतं म्हणे. मुलानं लिफ्टच्या जुन्या भागांतून माईक अडकवायची दांडी करून दिली. आणि लॅपटॉपचं बटण दाबायला कोण? मीच. दुपारी दोन ते चार तिचा दवाखाना बंद असतो आणि माझं शिवणघरही, माझी वामकुक्षीची वेळ. त्या वामकुक्षीवर मी पाणी सोडलं, हे कुणी लिहून ठेवत नाही.

बाकी सगळं तिचं तीच. गाणी लिहायची, चित्र करून गाण्यावर लावायचं, दहा जणांना फोन करायचे, त्यातल्या नऊ जणांनी उचलायचे नाहीत. आपल्या भाषेत रॅप करणारे या भागात वीस-पंचवीस जण असतील आणि ऐकणारेही तेच. एकमेकांची गाणी ऐकायची, वा वा करायची आणि मनातून जळायचं. एकदा कुठल्याशा कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "ताई, आवाज झकास आहे, पण गाणं मोठ्या भाषेत करा, म्हणजे चार माणसं ऐकतील." ही म्हणाली, "चार तर आत्ताही ऐकतात." फोन ठेवला आणि भांडी घासायला बसली. मी म्हटलं, अगं जरा विचार तरी करायचास. तर म्हणते, "ज्या भाषेत मला भांडता येतं त्याच भाषेत मला गाता येतं, आई." भांडण येतं तिला, हे मी शपथेवर सांगेन.

कार्यक्रम मिळालाच तर सगळ्यात पहिला नंबर, म्हणजे लोक यायच्या आधीचा. सभागृहात खुर्च्या मांडणाऱ्या माणसांनी हिला जितकं ऐकलंय तितकं कुणीच ऐकलं नसेल. त्यातला एक तर हिच्या ठेक्यावर खुर्च्या मांडायचा. ही घरी येऊन तेही कौतुकानं सांगायची. मला वाईट वाटायचं, हिला नाही. हिला स्वतःबद्दल एक खात्री होती, अगदी सुरुवातीपासून. ती कुठून आणली होती देव जाणे, माहेरून तर बाकी काही फार आणलं नव्हतं.

मग आलं ते गाणं, 'आ करा'. दवाखान्यावरचंच. त्यातल्या या दोन ओळी मला फार आवडायच्या:

दिवसभर म्हणते 'आ करा', उघडतं गावाचं तोंड,
मी उघडलं तर म्हणता, गळ्यात पडली धोंड!

गाण्याचं तिसरं कडवं म्हणजे आगगाडी. बारा ओळी, एकीत एक अडकलेल्या, सुसाट. ते रेकॉर्ड करायला बसलो तर शिवणघर रस्त्यावर, दर मिनिटाला काहीतरी. स्कूटरचा हॉर्न. वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी. समोरच्या दुकानाचं शटर. ती पाचव्या ओळीला पोहोचली की कुणीतरी कडमडायचंच, की पुन्हा पहिल्यापासून. तीन दुपारी अशा गेल्या, पोरीचा घसा बसला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "एवढा जीव कशाला काढतेस? मी काय अख्खा सदरा एका कापडातून काढते का? बाही वेगळी, कॉलर वेगळी, मग जोडायचं. तूही तुकड्यातुकड्यांनी म्हण, आपण जोडू."

ती म्हणाली, "असं करतात लोक."

"मग करतातच तर आपण का नाही?"

झालं. दोन हॉर्नच्या मधे सापडेल तेवढी जागा पकडायची, अर्धी-पाव ओळ म्हणायची, थांबायचं. एकेचाळीस तुकडे झाले. ते लॅपटॉपवर जोडायचं तिनं मला शिकवलं आणि चार दुपारी बसून मी जोडले, टाके घालावेत तसे, जरासुद्धा फट न ठेवता. मला त्याचा केवढा गर्व! जिथं ती श्वास घ्यायची तेवढाही आवाज मी कापून टाकला. म्हटलं, हा फुसफुसाट कशाला मधे.

गाणं चाललं, आणि असं चाललं की कंपनीवाले बघत राहिले. पेशंट खुर्चीत बसता बसता विचारायला लागले, "त्या तुम्हीच का?" शेजारच्या दोन गावांतून बोलावणी आली, आणि खुर्च्या मांडून झाल्यानंतरच्या वेळेची आली. तिसऱ्या कडव्याचा वेग ऐकून पोरं तोंडात बोटं घालायची. मी शिवणघरात गिऱ्हाइकांना गाणं ऐकवत होते. कुणी मापं द्यायला आलं की आधी गाणं, मग टेप.

आणि मग दाढीवाल्यानं लिहिलं.

दाढीवाला म्हणजे या भागातला रॅपवाल्यांचा थोरला. पन्नाशीला आलेला, दिवसा गॅरेज चालवतो. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात तो सगळ्यांना जमवतो. तिथला नियम एकच. स्पीकरवर फक्त ठेका वाजणार, रेकॉर्ड केलेला आवाज नाही. म्हणायचं ते तिथं उभं राहून, सलग. जो मधे अडला, त्याच्यासाठी अख्खं सभागृह मिळून एक टाळी वाजवतं, एकच. ती वाजली की माईक जमिनीवर ठेवायचा आणि उतरायचं. शिवी नाही, हसणं नाही. पण ज्यानं माईक जमिनीवर ठेवला त्याला या भागात पुन्हा कुणी बोलवत नाही. मी एकाला ओळखते, तो आता मोबाईलची कव्हरं विकतो आणि कुठं माईक दिसला तर रस्ता बदलतो.

तर दाढीवाल्यानं तिच्या गाण्याखाली लिहिलं: "तिसऱ्या कडव्यात बारा ओळी आहेत. ही बाई श्वास कुठे घेते? मी चार वेळा ऐकलं, सापडला नाही. हे माणसाचं काम नाही, मशीनचं आहे. खरी असशील तर या महिन्याच्या रविवारी ये आणि म्हणून दाखव."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मेल्याला दाढी करायला सांग आधी!" सुनेनं तिथल्या तिथं लिहिलं, "येते." मी विचारलं, "म्हणता येईल ना गं?" ती म्हणाली, "माझंच गाणं आहे, आई. मला नाही येणार तर कुणाला?"

त्या दुपारी ताग्यांच्या मधे उभी राहून तिनं ठेका लावला. पहिलं कडवं, दुसरं कडवं फर्मास. तिसऱ्यात पाचव्या ओळीला आवाज बारीक झाला, सहावीला चेहरा लाल, सातवी अर्धी बाहेर अर्धी आत. पुन्हा केलं, पुन्हा सातवी. दहा वेळा केलं. त्या बारा ओळींत श्वास घ्यायला जागाच नव्हती. कुठून असणार? जागा मी कापून टाकली होती. तुकड्यांत म्हणताना तिला कळलं नव्हतं आणि जोडताना मला कळलं नव्हतं. दाढीवाल्याचा कान मात्र तयार होता, मेल्यानं नेमकं तेच पकडलं.

मी घाबरले, सरळ सांगते. एवढ्या वर्षांचं तिचं काम एका टाळीत मातीमोल होणार होतं. मी म्हटलं, "ताप आलाय म्हणून कळव. घसा बसलाय म्हण. दवाखान्याचं सर्टिफिकेट तर घरचंच आहे."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की बस. "आई, तुम्ही मला जोडायला शिकवलंत, आता पळायलाही शिकवणार का?"

माझ्या जिव्हारी लागलं. मीही काही कमी नाही. म्हटलं, "वा! गोड झालं तेव्हा तुझं गाणं आणि अंगाशी आलं की माझे टाके?" मग काय, तीन दिवस घरात बोलणं बंद. जेवताना आमटी हवी असली तरी मुलामार्फत मागायची. चौथ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मधे माझी दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट झालीये. एक तर वर घ्या नाहीतर खाली सोडा." दोघींनाही हसू फुटलं, पण दोघींनीही दाबलं.

तोपर्यंत तिनं जिना धरला होता. दवाखान्यातून आली की तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत तिसरं कडवं म्हणत चढायचं. बारा ओळी, चोपन्न पायऱ्या. मी दाराआड उभी राहून ऐकायची. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आवाज तुटायचा, की पावलं उलटी खाली. पुन्हा वर. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मला विचारून गेल्या, "तुमच्या सूनबाईंना दमा आहे का हो?" दमा नाही, हट्ट आहे, मी म्हटलं. त्यावर औषध नाही.

दोन आठवडे झाले, तरी आवाज त्या वळणाच्या पुढं चार पायऱ्याच सरकला होता. एका संध्याकाळी ती वर आली, दारातच बसली, पाय पसरून. मी पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवला आणि न राहवून बोललेच. "हे बघ, मला तुझ्या गाण्यातलं कळत नाही, मला कापडातलं कळतं. पोराचा सदरा अंगाला घट्ट शिवला तर आरशात फार छान दिसतो. पण त्यानं वर्गात हात वर केला की काखेत उसवतो. आम्ही म्हणून आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतो. तुझं कडवं आरशातलं आहे. ते घालून कुणाला हलता येणार नाही, तुलासुद्धा. काप त्यातलं थोडं."

"लोकांना ते पाठ आहे, आई. एक शब्द गाळला तरी म्हणतील, बघा, जमलं नाही."

"मग म्हणू देत."

ती पाणी प्यायली, उठली आणि वही घेऊन खोलीत गेली. त्या दिवसापासून जिन्यावरची बडबड बंद झाली. मी विचारलं, काय केलंस? तर वही मिटून मांडीखाली. "रविवारी ऐका." म्हटलं, अगं बटण दाबणारी मी आणि मलाच नाही? "तुम्हालाच नाही," म्हणाली. चेहऱ्यावर ती जुनी खात्री परत आली होती. मला ती बघून बरंही वाटलं आणि रागही आला.

रविवारी मी आणि मुलगा घरून गेलो. सभागृह म्हणजे लांबट खोली, उंच खिडक्या, भिंतीशी पुस्तकांची कपाटं ढकललेली. आव्हानाची बातमी गावभर झाली होती, तीनशे माणसं तरी असतील. सगळी तरणी, माझ्या वयाची मी एकटी. पहिल्याच रांगेत दाढीवाला, हाताची घडी घालून. मुलगा ठेका लावायला बाजूच्या टेबलाशी गेला आणि मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले. हिच्या आधी एक पोरगा आला. दुसऱ्या कडव्यात त्याचा शब्द गेला. तो ओठ हलवत राहिला, आवाज काही येईना. तीनशे जणांचे हात वर गेले आणि एक टाळी पडली. त्यानं माईक वाकून जमिनीवर ठेवला आणि मागच्या दारानं गेला.

मग ही. दवाखान्यातून अर्धी पाळी करून थेट आली होती, अंगात कामावरचाच निळा झगा, तोही मीच शिवलेला. पहिलं कडवं सुरू झालं आणि मी ओळखलं की पोरगी आज फॉर्मात आहे. 'उघडतं गावाचं तोंड' म्हणताना तिनं दाढीवाल्याकडे बोट केलं, लोक खिदळले. दुसरं कडवंही तसंच. मग तिसरं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी, तीच ती आगगाडी. पोरं पुढं वाकली. पाचवी, सहावी.

आणि ती थांबली.

ठेका चालू, ही गप्प. तीनशे हात वर गेले. कुणाला आनंद नव्हता, पण नियम तो नियम. दाढीवाल्याचेही हात वर होते. मी म्हटलं, संपलं, आणि हे सगळं मी केलं. तेवढ्यात तिनं माईक तोंडाशी धरून श्वास घेतला, असा खोल की तो शेवटच्या खिडकीपर्यंत ऐकू गेला, आणि नेमकी ठेक्यावर आली:

हात खाली! अडले नाही. घेतेय मी श्वास.
मशीनला तो लागत नाही, मला लागतो, बास!
एकेचाळीस तुकडे होते, खोटं कशाला सांगू?
जोडणारी सासू माझी, कुणाची माफी मागू?
टाका तिचा, शब्द माझा, दोघींचं हे काम,
आज सलग म्हणून दाखवते, पुसा आपला घाम!

हात तसेच हवेत राहिले, कुणाला खाली घ्यायचं सुचेना. आणि तिनं उरलेल्या जुन्या सहा ओळी घेतल्या, एकही शब्द न गाळता, त्याच वेगानं, शेवटपर्यंत. संपलं तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, पण माईक हातात होता.

त्या टाळ्या कशा होत्या ते मला सांगता येत नाही. एक नव्हती एवढं सांगते. लोक फरशीवर पाय आपटत होते, कपाटांची दारं थडथडत होती. मुलगा टेबलामागं उभा राहून शिट्ट्या मारत होता, लाज सोडून. मी मात्र खुर्चीला खिळले होते. भर सभेत सासूचं नाव! रागवावं की रडावं कळेना. रडलेच, पदरानं डोळे पुसत रडले. तिनं ठरवलं असतं तर माझ्यावर ढकलून मोकळी झाली असती, आणि तिनं मला स्वतःच्या शेजारी उभं केलं होतं.

दाढीवाला उठला, तशी शांतता झाली. त्यानं विचारलं, "एकेचाळीस? खरंच?"

"मोजून," ती म्हणाली.

तो डोकं खाजवत म्हणाला, "मी चार वेळा ऐकलं. श्वास सापडला नाही हे खरं, पण जोडही एक सापडला नाही."

आता मात्र मला बसवेना. मी तिसऱ्या रांगेत उठून उभी राहिले. "दिसला असता तर तो जोड कसला, भाऊ? तीस वर्षं काय गवत कापलंय मी?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दाढीवाल्यानं मला हात जोडले, खरंच जोडले. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "परत!" मग सगळेच, परत, परत, परत. त्या सभागृहात एकच गाणं दोनदा कुणी म्हटलेलं नाही, मला नंतर कळलं.

तिनं माईक तोंडाशी धरला आणि तीनशे माणसांसमोर मला विचारलं, "आई, म्हणू परत?"

इतक्या वर्षांत या पोरीनं कधी कुठली गोष्ट मला विचारून केली नव्हती.

"म्हण," मी ओरडले. "पण आधी श्वास घे."